वीतभर राहिलेली वाकळ

कुठंही बसायच्या आधी मावशी जमिनीवर तळहात टेकवायच्या. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून बघावा, तसा. दोन-चार श्वास हात तसाच ठेवायच्या, मान जराशी कलती करायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, बसा आता."

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, फरशी ओली आहे का ते बघत असतील. दुसऱ्यांदा वाटलं, नमस्कार करत असतील. तिसऱ्यांदा मी विचारलंच.

"काय न्हाई सर, इचारून घेते."

"कुणाला?"

"हिलाच." त्यांनी बोटानं खाली दाखवलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

तुमच्याही शाळेत, कचेरीत, गल्लीत असं कुणीतरी असेल. त्या माणसाच्या भित्रेपणाची सगळे चेष्टा करतात, आणि एक दिवस ते माणूस आलं नाही तर सगळ्यांनाच चुकल्यासारखं होतं. आमच्या शाळेत त्या मावशी होत्या.

शाळा जिल्हा परिषदेची, तीन वर्गखोल्यांची. गाव किल्लारीपासून जीपनं वीसेक मिनिटांवर. भूकंपात जुनं गाव पडलं, तेव्हा दीड-दोन किलोमीटरवर हे नवं गाव वसवलं होतं. सरळ रेषेतले रस्ते आणि एकासारखी एक सिमेंटची घरं. मावशी शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. वय साठीच्या आसपास. नवरा वारलेला. सरकारनं दिलेल्या घरात त्यांनी कांदे, सरपण आणि सोयाबीनची पोती ठेवली होती. स्वतः त्या बाजूच्या पत्र्याच्या शेडात राहायच्या.

"पत्रा पडला तर खोक पडती," त्या म्हणायच्या. "स्लॅब पडला तर माणूस ऱ्हात न्हाई."

मी नांदेड जिल्ह्यातला, इस्लापूरचा. सहस्रकुंडाचा धबधबा ऐकत वाढलेला. पावसाळ्यात आमच्याकडं पाण्याचा आवाज लांबवर येतो, त्यामुळं आवाजाची भीती मला ठाऊक नव्हती. नोकरी नवीन, लग्न व्हायचं होतं, आणि विज्ञान शिकवत असल्यामुळं प्रत्येक गोष्टीचं उत्तर आपल्याजवळ आहे असं वाटायचं वय होतं.

मी रुजू झालो त्याच महिन्यात एक प्रकार झाला. मुख्याध्यापकांनी शिक्षकांची बैठक बोलावली, आतून दार लावायला गेले, तर दाराला कडीच नव्हती. दुसऱ्या वर्गात बघितलं, तिथंही नव्हती. तिसऱ्यातही नाही. नुसती स्क्रूची भोकं.

"मावशी, आतल्या कड्या कुठं गेल्या?"

"हायेत की."

"कुठं आहेत?"

"डाळीच्या डब्यात."

"डाळीच्या डब्यात कशाला?"

"दाराला नगं म्हनून."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. सरकारी मालमत्ता, तपासणी, जबाबदारी, असं पाच मिनिटं बोलले. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाहेरच्या कड्या ऱ्हाऊ द्या. शाळा सुटल्यावर लावा, काय बी लावा. आत लेकरं असताना आतून कडी नगं." त्या बोलण्यात विनंती नव्हती. कड्या डाळीच्या डब्यातच राहिल्या.

ऊस भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावरून गेला की मावशी उलथनं टाकून मैदानात. ट्रॅक्टर दिसला की परत चुलीपाशी. हंगामात दिवसातून पंधरा-वीस वेळा. पोरं खिदळायची. मीही हसायचो. मोठ्या पातेल्याशेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेला एक स्टीलचा पेला त्या ठेवायच्या, आणि खिचडी ढवळताना नजर खिचडीपेक्षा पेल्याकडं जास्त. त्यापायी कधीमधी खिचडी खाली लागायची. "आज खमंग झालीया," असं म्हणून त्या ती वाढायच्या आणि खरवड कोणाला द्यायची यावरून पोरांत भांडणं लागायची.

एकदा धान्याची खोली साफ करताना सगळ्यात वरच्या फळीवर मला जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं दिसलं. खाली ओढलं तर गाठ सुटली आणि आतली वस्तू माझ्या अंगावरच उलगडली. गोधडी होती. तिकडं तिला वाकळ म्हणतात. इरकली लुगड्याचे काठ, फेट्याचं गुलाबी कापड, खाकी चड्डीचे तुकडे, ब्लाउजांची ठिगळं. शंभर तरी चिंध्या असतील. एका कडेनं तांदळाच्या दाण्यासारखे बारीक टाके आत येत होते. समोरच्या कडेनं दुसऱ्याच कुणाचे तरी लांब लांब, घाईतले टाके. दोन्हींच्या मध्ये वीतभर पट्टी बिनशिवलेली होती. लांब टाके जिथं थांबले होते तिथं सुई तशीच खुपसलेली होती, गंजून काळी पडलेली. तिच्या नाकात दोरासुद्धा होता.

"हात लावू नका!"

मावशींचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. त्या दारात उभ्या होत्या. जवळ आल्या, माझ्या अंगावरून वाकळ उचलली, सुई जागेवर आहे का बघितलं आणि घडी घातली.

"मावशी, अर्धवट का ठेवलीय? आणि शाळेत कशाला?"

"घरात ठिवायचं भ्या वाटतं," त्या म्हणाल्या. "आन टाकून द्यायचं बी."

गाठोडं त्यांनी पुन्हा वरच्या फळीवर ठेवलं.

मग आवाज सुरू झाले.

पहिला आवाज आला तेव्हा मी फळ्यावर वजाबाकी मांडत होतो. पायाखाली खोल कुठंतरी रिकामा हौद कुणी ढकलत न्यावा तसा घरघराट झाला. टेबलावरचा खडू घरंगळत खाली पडला. धबधब्याचा आवाज कानात येतो. हा आवाज आधी तळपायात आला आणि नंतर कानात. पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. तेवढ्यात चुलीकडून मावशींची आरोळी आली, "भाईर! समदे भाईर!" पोरं अर्ध्या मिनिटात मैदानात होती. मावशी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "सर कुठं हायेत?" सर अजून फळ्यापाशीच उभे होते.

पुढं आठवड्यातून दोनदा, तीनदा असा घरघराट व्हायला लागला. कधी खिडक्या थरथरायच्या, कधी नुसताच आवाज. साहेब लोक आले, एक यंत्र बसवून गेले, घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगून गेले. लोकांनी मान डोलावली आणि बाजा अंगणात आणल्या. ज्या मावशींना गाव इतकी वर्षं हसत होतं, त्यांच्याकडं आता चांगले बाप्ये येऊन विचारायला लागले, "मावशी, तुला काय वाटतंय?"

त्या जमिनीला हात लावायच्या. "मला काय कळतंय बाबा? मला बी तुज्याएवढंच भ्या वाटतंय."

मी मात्र पार खचलो. माझी भाड्याची खोली स्लॅबची होती. छताकडं बघितल्याशिवाय मला आत पाऊल टाकवेना. आंघोळीला कडी लावायची बंद केली आणि कुणी चुकून आत येऊ नये म्हणून मोठमोठ्यानं पाढे म्हणायला लागलो. घरमालकीण म्हणाली, "सर, शाळंत कमी पडतंय का?" इस्लापूरहून आईचा रोज फोन यायचा, "सोड ती नोकरी, निघून ये." मी तिला भूस्तर, पाण्याचा दाब असं काहीबाही समजावून सांगायचो. फोन ठेवला की मीच उठून अंगणात जायचो.

त्याच दिवसांत एका दुपारी मावशींच्या फोनवर मनीषाचा फोन आला. मनीषा म्हणजे त्यांच्या नणंदेची मुलगी. भूकंपात आई गेली, बापानं दुसरं लग्न केलं, आणि तीन महिन्यांच्या या पोरीला मावशींनी वाढवलं. मावशींना मूलबाळ नव्हतं. आता ती लातूरला दिलेली होती. मावशींना फोनवरचं कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा, त्यामुळं मलाही सगळं ऐकू आलं.

"मामी, मला सातवा लागलाय. ती वाकळ तेवढी पूर्ण करून दे ना. आईच्या हातची तेवढी एकच वस्तू आहे. बाळाला तिच्यावरच टाकीन."

"बगू," मावशी म्हणाल्या.

"दरवेळी बगूच म्हणतेस."

"बगू म्हनलं न्हवं." त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. जमिनीला हात लावून झाला. "बसा," म्हणाल्या. 

"सर, शकू माजी नणंद. वहिनी वहिनी करून माज्या मागं असायची. बाळंतपणाला माहेरी आल्ती. ही मनीषा तवा तीन महिन्यांची. तिला सासरी धाडताना द्यायला म्हनून आमी दोघी वाकळ शिवत हुतो. ती त्या कडंनं, मी ह्या कडंनं. मधी गाठ पडंल तवा पुरी. त्या दिशी वीतभर ऱ्हायली. ती म्हनली, वहिनी, आज पुरीच करू. मी म्हनलं, उजेड गेला, डोळे खराब हुतील, उद्या करू. अंगणात बाजंवर ठिवली तशीच. ती म्हनली, आपन बी हितंच झोपू, आत लई उकडतंय. मी म्हनलं, लेकराला वारं लागंल, आत चल." त्या थांबल्या. "हाताला धरून आत नेलं सर तिला. आन कडी लावली. आमचे मालक उसाला पानी द्यायला शेतात, घरात दोघी बायकाच, म्हनून लावली."

जुन्या गावातली घरं माळवदाची होती. दगडमातीच्या हात-हात रुंद भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचा जाड थर. ते मला माहीत होतं. मावशींनी त्याचं वर्णन केलं नाही. त्यांनी फक्त कडीबद्दल सांगितलं.

"पहाटं समदं घर ओरडायलं. मी दारापाशी. शकूनं लेकरू माज्या वटीत कोंबलं. म्हनली, वहिनी, हिला घ्या, दार उघडा. चौकट वाकडी झालती, कडी हालंना. मी ओढते, ओढते. निघाली येकदाची. मी भाईर पडले. ती माज्या पदराला धरून मागं हुती. पदराला वढ हुती." त्यांनी स्वतःचा पदर मुठीत धरून दाखवला. "मग वढ न्हवती."

त्यांनी पदर सोडला आणि मांडीवर सरळ केला.

"मला कडी काडायला जेवढा येळ लागला न्हवं सर, तेवढाच तिला पायजे हुता."

"मनीषाला हे..."

"न्हाई. तिला सांगितलंय, तुजी आई झोपंतच गेली, तिला काय सुदिक कळलं न्हाई. पोरगी लहान हुती, इचारायची, म्हनून सांगितलं. मग तेच ऱ्हायलं. अजून म्हनती, बरं झालं मामी, आईला कळलं न्हाई." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी नव्हतं. भीती होती. "वाकळ हातात घेतली की ती इचारनार, आई काय बोलत हुती, काय म्हनली. मला आता खोटं बोलवंना. आन अजून येक सांगू? त्या दिशी म्हनलं, उद्या पुरी करू. तो उद्या आलाच न्हाई. आता ही पुरी केली तर तो यील का काय, असं वाटतंय."

असं काही नसतं मावशी, गोधडीचा आणि भूकंपाचा काही संबंध नसतो, असं मी म्हणणारच होतो. तोंड उघडलं आणि जमीन घुरघुरली. आम्ही दोघंही व्हरांड्यातून मैदानात कसे आलो ते मला आठवत नाही. मावशींनी माझा दंड धरला होता, की मी त्यांचा, तेही आठवत नाही.

आवाज थांबल्यावर त्या म्हणाल्या, "काडा ती वाकळ खाली. हितं हाय ते समदं तसंच ऱ्हाऊन मी गेले तर?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसायचो. पहिलं काम सुईचं. ती कापडात गंजून रुतली होती. खोबरेल तेलाचे थेंब सोडून, पक्कडीनं हळूहळू हलवून मावशींनी ती काढली. कापडावर बोटभर लांबीचा तांबूस डाग राहिला. सुई त्यांनी दोऱ्यासकट कागदात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि माझ्याकडं नवी सुई दिली. "तुमचे डोळे चांगले हायेत न्हवं? ववा."

मी जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. दोरा चोखून चोखून तोंड कोरडं पडायचं. "सर, दोरा ववायचाय, गिळायचा न्हाई," मावशी म्हणायच्या. एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. तिथं ठिगळ लावायला त्यांनी माझा जुना शर्ट मागितला. मी गडबडीत नवा चौकडीचा शर्ट देऊन बसलो. लक्षात आलं तोवर त्याला कात्री लागली होती.

शिवता शिवता त्या एकेका तुकड्यावर बोट ठेवायच्या. हे सासूचं लुगडं. हा सासऱ्याचा फेटा. ही शेजारच्या पोराची शाळेची चड्डी. त्या तुकड्यांतलं कोण कोण भूकंपात गेलं होतं ते मी विचारलं नाही. बोट काही तुकड्यांवर जास्त वेळ थांबायचं, त्यावरून कळायचं. मध्येच घरघराट व्हायचा. सुई कापडात अर्धी आत, अर्धी बाहेर राहायची. आम्ही उठायचो, मैदानात जायचो, परत यायचो.

कोपरा झाला, फाटलेल्या जागा झाल्या, आणि शेवटी ती मधली वीतभर पट्टी उरली. तिथं येऊन मावशी थांबल्या. तीन दिवस त्यांनी सुई हातात घेतली नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "सर, तुमी मैदानात जाऊन उभं ऱ्हावा. हितं छताखाली नगं."

"तुम्ही?"

"माजं काय?"

मी गेलो नाही. धाडस होतं असं नाही. एकटं उभं राहायची जास्त भीती वाटली. मावशी शिवत राहिल्या. त्यांचे बारीक टाके आत सरकत सरकत त्या लांब टाक्यांना जाऊन भिडले.  त्यांनी गाठ मारली, दातानं दोरा तोडला, वाकळ बाजूला ठेवली. आम्ही दोघं बसून राहिलो.  समोर एक कुत्रं अंग झटकून उठलं आणि मी दचकलो. ते नुसतं सावलीत जाऊन बसलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

काहीच झालं नाही.

"झाली," मावशी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत नव्हती. खरं काम अजून पुढंच होतं.

लातूरला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. जीपमध्ये गाठोडं मांडीवर. "तुमीच सांगा सर तिला. तुमाला बोलता येतं." मी म्हणालो, "मावशी, हे माझ्या तोंडून बरं दिसायचं नाही." त्या बोटांनी गाठोड्याची गाठ सोडत-बांधत राहिल्या.

मनीषाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तिचा नवरा शिकवणीच्या वर्गांत गणित शिकवायचा. तो घरी नव्हता. मावशींनी जिना चढायला चांगली दहा मिनिटं घेतली. मनीषा दारातच हसत उभी होती, पोट सांभाळत. तिनं गाठोडं ओढूनच घेतलं, मांडीवर वाकळ पसरली. "हे टाके कुणाचे, मामी?"

"माजे."

"आणि हे लांब लांब?"

"तुज्या आईचे. लई घाई असायची तिला."

मनीषा त्या टाक्यांवरून बोट फिरवत हसली. "माझ्यासारखीच."

आणि मावशींनी सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच. एक शब्द कमी केला नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. उकडत होतं ते सांगितलं. हाताला धरून आत नेलं ते सांगितलं. कडी सांगितली. पदर सांगितला. मी पंख्याकडं बघत बसलो होतो.

"म्हणजे ती जागी होती?" मनीषानं विचारलं.

"हाव."

"बोलली?"

"हाव. हिला घ्या म्हनली."

"आणि तू मला इतकी वर्षं सांगत आलीस, झोपेत गेली." तिचा आवाज चढला नाही. तिनं वाकळेची घडी घातली, अगदी नीट, काठाला काठ लावून, आणि मावशींच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा ही. आत्ता मला नको."

आम्ही उठलो. दारापाशी मावशी वळल्या, तर तिनं तोंड फिरवलं होतं.

परतीच्या एसटीत मावशी खिडकीतून बाहेर बघत होत्या. औसा मागं पडल्यावर एवढंच म्हणाल्या, "तिनं पानी सुदिक पिलं न्हाई. अशा दिवसांत उपाशी ऱ्हाऊ नाय."

अकरा दिवस फोन आला नाही. मावशी फोन पेल्याशेजारी ठेवून खिचडी शिजवायच्या. आता त्यांना दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागायची. घरघराट वाढला होता. एका धक्क्यात शाळेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, आणि आम्ही वर्ग कडुलिंबाच्या झाडाखाली हलवले. मी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. तो खिशात घालून हिंडायचो, पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर काही ठेवत नव्हतो.

बाराव्या दिवशी पोरांच्या पंगतीत वाढप चालू असताना शाळेसमोर जीप थांबली आणि मनीषा उतरली. एकटीच. नवऱ्यानं नको म्हटलं असणार, तिचा चेहराच सांगत होता. गाव सोडून लोक पाहुण्यांकडं निघाले होते आणि ही आठव्या महिन्यात गावात आली होती.

मावशींच्या हातातला वाढायचा डाव तसाच राहिला.

"मामी, जुनं गाव दाखव मला. आपलं घर."

मावशी त्या दिवसानंतर जुन्या गावात एकदाही गेल्या नव्हत्या. देवळात जायलाही लांबचा रस्ता धरायच्या. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्यांनी डाव माझ्याकडं दिला, मी तो शाळेतल्या बाईंकडं दिला, आणि आम्ही तिघं निघालो.

जुन्या गावात वेड्या बाभळी माजल्या होत्या. दगडांचे ढीग, मध्येच एखादा उभा कोपरा, एखादा कोनाडा. दुपारचं ऊन होतं. मावशी एका बुजलेल्या आडापाशी थांबल्या, तिथून पावलं मोजत गेल्या आणि एका लांबट दगडापाशी उभ्या राहिल्या. उंबरा होता.

"हितं दार."

"आई कुठं होती?"

मावशी आत गेल्या, एक पाऊल, दुसरं पाऊल. "हितं."

मनीषा त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. उंबऱ्याकडं बघितलं. "एवढंच अंतर?"

"एवढंच."

ती आणखी काही विचारणार होती. तेवढ्यात जमीन हलली. याआधी नुसता घरघराट असायचा. या वेळी पाय सरकले. शेजारच्या उभ्या कोपऱ्यातून माती भुरभुरली, दगड सुटले. मी पळालो. हे लपवून काय करू? मी त्या दोघींना सोडून उघड्या जागेकडं पळालो आणि मगच मागं वळून बघितलं.

"मामी, पळ!" मनीषा ओरडत होती.

ट्रॅक्टर आला तरी मैदान गाठणाऱ्या मावशी तिच्या कमरेला हात घालून उभ्या होत्या. "पळू नगंस," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण पाय कापत नव्हते. "पोटुशी हायेस. पडशील. हळू चल. ह्या दगडावर पाय ठिव. आता ह्या." बाजूला एक धोंडा येऊन आदळला. त्या थांबल्या नाहीत आणि त्यांनी घाईही केली नाही. भिंतीकडची बाजू स्वतः घेतली, मनीषाला आतल्या अंगाला ठेवलं, आणि एकेक पाऊल दाखवत तिला उंबऱ्याच्या बाहेर आणलं, बाभळींतून काढलं, माझ्यापर्यंत आणलं. कोपरा त्यांच्या मागं कोसळला. धूळ उडाली तेव्हा मनीषाच्या मुठीत मावशींचा पदर होता, घट्ट पिळा घातलेला.

शेतात आल्यावर दोघी ढेकळांवर बसल्या. मनीषा रडत होती.  मग तिनं नाक पुसलं.

"वाकळ कुठंय?"

"शाळंत हाय."

"दे. आणि तूही चल. माझं बाळंतपण तुलाच करायचंय."

मावशी त्याच जीपनं गेल्या. सोबत वाकळ आणि दोन लुगडी. जाताना मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "लेकरांना आतून कडी लावू देऊ नगासा." बदलीचा अर्ज मी त्या संध्याकाळी फाडला. का, ते मला नीटसं सांगता येणार नाही. पळून आलो होतो त्याची लाज असावी.

मनीषाला मुलगी झाली. पुढं हळूहळू आवाज कमी झाले आणि मग थांबले. कशानं सुरू झाले आणि कशानं थांबले ते कुणालाच कळलं नाही. लोकांनी बाजा घरात नेल्या. मावशी परत आल्या नाहीत. फोनवर म्हणायच्या, "लेकरू चालाया लागू द्या, मग येते." लेकरू चालायला लागण्याआधीच, थंडीच्या दिवसांत, एका दुपारी त्या गेल्या. जरा आडव्या झाल्या होत्या, उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

मी लातूरला भेटायला गेलो, तेव्हा मनीषानं मला चहा दिला आणि समोर बसली. मुलगी आमच्यामध्ये रांगत होती.  थोड्या वेळानं मनीषाच बोलली.

"सर, एक सांगू? मामी घोरायची."

"काय?"

"दुपारी पोरीला कुशीत घेऊन पडली की घोरायची. इतक्या मोठ्यानं, की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, पाहुणे कोण आलेत." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "मी तिच्याजवळ वाढले सर. लग्न होईपर्यंत तिच्याच अंथरुणात झोपले. आणि ती घोरते हे मला माहीतच नव्हतं."